मे महिन्यात सोलापूरजवळ गळाने मासेमारी: हिप्परगा, उजनी की आणखी कुठं? सल्ला हवा

बाळीवेस

मंडळी, नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, नोकरी पुण्यात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दहा दिवस घरी येतोय. बहिणीचा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याला गळ टाकायला शिकवायचंय. मला आजोबांनी हिप्परग्याच्या तळ्याच्या काठावर बांबूची काठी, दोरा आणि मोराच्या पिसाचा तरंगा देऊन शिकवलं होतं. ते आता नाहीत, म्हणून हे माझ्या हातून व्हावं असं फार वाटतंय.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटाच उजनी धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. तीन दिवसांत तरंगा एकदाही हलला नाही. पाणी आटलेलं, त्यामुळे मासे एका जागी गोळा झाले असतील आणि सहज लागतील असा माझा हिशोब होता. तिसऱ्या दिवशी एकाने "परवानगी आहे का" म्हणून हटकलं आणि उठवलं. त्याचं बरोबरच होतं, मी काहीच विचारलं नव्हतं.

यंदा आधीच विचारतो. कुठं जावं, किती वाजता बसावं, आमिष काय लावावं, आणि मूल सोबत असताना काय सांभाळावं? साधा सहा फुटी रॉड आणि रील आहे. होडीत बसायचं नाही. मिळेल तेवढंच घरी आणायचं, बाकी सोडून द्यायचं.

हिप्परगा_पहाट

मुलाला घेऊन पहिल्यांदा जाताय तर हिप्परगाच. तुळजापूर रोडला, गावापासून जवळ. ऊन चढलं की अर्ध्या तासात घरी. उजनी म्हणजे टेंभुर्णीपर्यंतच ८०-८५ किलोमीटर. पोरगं तिथं पोचेपर्यंतच दमेल.

हिप्परगा म्हणजेच एकरुख तळं १८७१ साली बांधून झालं, आदिला नदीवर. दीडशे वर्षांत गाळ भरपूर साठलाय. म्हणून मे महिन्यात उथळ बाजूला बसू नका, बांधाच्या बाजूचं खोल पाणी धरा. मी पहाटे साडेपाचला बसतो आणि साडेआठला उठतो. चिलापी (टिलापिया) हमखास, कधी रोहू, नशीब असेल तर मरळ.

परवानगीचं म्हणाल तर आपल्याकडच्या बहुतेक तलावांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. बीज त्यांनी स्वतःच्या पैशाने सोडलेलं असतं. काठावर त्यांचा माणूस असतो, त्याला आधी भेटा, गळ दाखवा, मुलाला शिकवायचंय असं सांगा. पावती असेल तर घ्या. जाळं नाही आणि दोन-चार मासेच नेणार म्हटल्यावर मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पण विचारायचं आधी, गळ टाकल्यावर नाही.

सिद्धेश्वर तळ्यात गळ टाकायचा विचारही मनात आणू नका. तिथले मासे लोक श्रद्धेने जपतात. संभाजी तलावातला मासा मी खाणार नाही, मुलालाही देणार नाही.

भीमाकाठ

आमचं गाव करमाळा तालुक्यात, बॅकवॉटरच्या काठाला. आजोबा भीमेच्या वाहत्या पात्रात मासे धरायचे, वडिलांनी धरण भरताना पाहिलं, मी धरणातच वाढलो. तुमचा हिशोब कुठं चुकला ते सांगतो.

पाणी कमी झालं की मासा गोळा होतो हे खरं. पण तो गोळा होतो नदीच्या मूळ पात्रात, आणि ते पात्र काठापासून कुठल्या कुठं गेलेलं असतं. उजनीचा टक्का पेपरात येतो तो फक्त उपयुक्त साठ्याचा, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्याच्या खाली त्रेसष्ट टीएमसीच्या वर मृतसाठा आहे, तो या टक्क्यात धरत नाहीत. म्हणून "उजनी वजा ५०" वाचून धरण कोरडं पडलं असं समजू नका. तेव्हाही ३६ टीएमसीच्या वर पाणी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात वजा ६० च्या जवळ गेलं होतं, तरी मूळ पात्रात होड्या चालत होत्या. पण काठ? जिथं दिवाळीत पाणी पायाला लागत होतं तिथून पुढं अर्धा-अर्धा किलोमीटर नुसती गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी. तुम्ही बसला असणार घोट्याएवढ्या पाण्याजवळ. ते पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्यासारखं तापतं. तिथं मोठा मासा येईलच कशाला?

मग जागा कशी ओळखायची? शेतकऱ्यांच्या मोटारींच्या पाइपलाइन बघा. पाणी मागं सरकतं तसा शेतकरी पाइप वाढवत, चाऱ्या खोदत पाण्याच्या मागं जातो. सगळ्यांचे पाइप जिथं जाऊन थांबलेत तिथं खोली आहे. होड्या लागतात ती जागाही तशीच. काठ मुरमाड आणि उताराचा असेल तर उत्तम. चारीच्या तोंडाशी संध्याकाळी चिलापी जमते, लहान पोराला शिकवायला तेवढं पुरतं.

पण त्या मोटारींच्या वायरी जमिनीवरून गेलेल्या असतात, कुठं कुठं जोड उघडे. पोराला वायर ओलांडू देऊ नका, पाइपला हात लावू देऊ नका.

दुसरं, गाळ. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि आत लगदा असतो. मोठा माणूस मांडीपर्यंत जातो. मी म्हैस रुतलेली बघितलीय, ट्रॅक्टर लावून काढली. हातात काठी घ्या, पुढं टोचत जा, आणि गुरांची, माणसांची ताजी पायवाट असेल तिथूनच पाण्याकडं उतरा.

तिसरं, वळीव. मे महिन्यात चार वाजल्यानंतर आभाळ कधी फिरेल सांगता येत नाही. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा माणसं गेली. आमच्या भागात ते कुणी विसरलेलं नाही. तुम्ही होडीत बसणार नाही म्हणालात ते फार चांगलं केलंत. काठावर असलात तरी पश्चिमेला काळं दिसलं की रॉड खाली ठेवून गाडीकडं चला. कार्बनचा रॉड आभाळाकडं धरून विजेत उभं राहायचं नाही.

पाण्याचा_अभ्यास

मत्स्यशास्त्र शिकलोय, म्हणून थोडं पाण्याबद्दल. वर पहाटेचा सल्ला आलाय, त्यात मला एक दुरुस्ती सुचवायचीय.

सोलापूरचं तापमान ४२-४३ अंशांवर गेलं म्हणून मासा खायचा थांबत नाही. रोहू, कटला, मृगळ हे गरम पाण्याचेच मासे. चिलापीला तर ३० अंशांच्या आसपासचं पाणी आवडतं. अडचण येते ती पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. हा झाला जास्तीत जास्त अंक. प्रत्यक्षात पाणी हिरवं असेल तर रात्रभर ते शेवाळ स्वतःच प्राणवायू ओढत राहतं आणि सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात खाली येतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. लोकांना वाटतं मासा चरतोय. तो धापा टाकत असतो, आमिषाकडं बघतही नाही.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात गर्द हिरवं असतं, कारण वरून पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत येतं आणि त्यात शेवाळाचं खाद्य भरपूर. तिथं पहाटे साडेपाचला बसून उपयोग नाही. ऊन पडल्यावर शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडायला लागतं. सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत, या वेळा धरा. संध्याकाळ जास्त चांगली, फक्त आभाळावर लक्ष ठेवून.

मरळ आणि मांगूर याला अपवाद. त्यांना हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ते भल्या पहाटेही शिकार करतात.

हिप्परगा_पहाट

मी वीस वर्षं पहाटेच बसतोय आणि मासे मिळतात. पुस्तकातलं हिप्परग्याला लागू होतंच असं नाही.

पाण्याचा_अभ्यास

तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पाणी कोणत्या रंगाचं आहे यावर सगळं आहे. बाही सारून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. बोटं स्वच्छ दिसली तर खुशाल पहाटे बसा. कोपराच्या अलीकडंच हिरव्यात हात हरवला तर चहा पिऊन सावकाश या. हिप्परग्यात बांधाजवळ खोल पाणी आहे, वाराही लागतो, लाटांनी हवा मिसळते. तुम्हाला तिथं पहाटे मासा मिळतो याचं कारण बहुधा हेच.

हिप्परगा_पहाट

हे पटलं. गेल्या वर्षी जूनच्या तोंडावर पाणी हिरवंगार झालं होतं तेव्हा आठवडाभर मीही रिकाम्या हाताने आलो होतो, आणि मासे वर तोंड मारत होते. मला वाटलं आमिष चुकतंय.

कडकभाकरी

का बे बाळीवेस, गावाकडं येऊलालास आणि कुरनूरचं नावच नाही? अक्कलकोट तालुक्यात, बोरी नदीवर. गर्दी कमी. पाणी किती उरलंय ते मात्र तिथल्या माणसाला फोन करून विचारून जा. करमाळ्याकडं मांगी तलाव, बार्शीकडं हिंगणी, पण यात कुठं पाणी टिकतं ते दर वर्षी वेगळं.

आमिष सांगतो. चिलापीला गांडूळ, दुसरं काही नको. गळ बारीक, ८ किंवा १० नंबर. नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान, दुकानात घोळ होतो तो इथंच. रोहू-मृगळला शेंगपेंड भाजून, कुटून, कणीक आणि जरासा गूळ घालून घट्ट मळायचं, सुपारीएवढा गोळा. पेंड शेंगदाण्याचीच घ्या, आपल्याकडं ताजी मिळते, वास पाण्यात लांब जातो. मृगळ तळाला चरतो म्हणून शिसं जरा जड. कटला मधल्या-वरच्या पाण्यात असतो, त्याला तरंग्याखाली तीन-चार फूट दोरा पुरतो. मरळीला रबरी बेडूक, कडेच्या गवतालगत हळूहळू ओढत आणायचा. पोराला आधी चिलापीच धरू दे. तरंगा बुडाला की त्याचं तोंड बघ.

आणि बर्फ ने. या उन्हात मासा तासाभरात मऊ पडतो. काठावरच पोट साफ कर, बर्फात ठेव. पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवलेला मासा घरी आणून रस्सा केलास तर त्याला चव राहत नाही.

बाळीवेस

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. एक शंका राहिली. मासा परत सोडायचा तर कुठला सोडायचा आणि कसा?

भीमाकाठ

मे महिन्यात रोहू-कटल्याच्या माद्या गाभोळीने भरायला लागलेल्या असतात. पाऊस पडून पाणी वाहतं झालं की त्या अंडी सोडतात. पोट फुगलेली मोठी मादी लागली तर सोडून द्या. ती एक मादी लाखांनी अंडी देते. आमच्याकडं बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लं खरवडून नेणारे आहेत, त्याचं नुकसान आम्ही रोज बघतो. चार-चार तास जाळं टाकून पूर्वीच्या निम्मा मासा येत नाही. म्हणून गळवाल्यांनी मादी सोडली की आम्हाला बरं वाटतं.

मरळीचं वेगळं. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका बुडबुड करत फिरताना दिसला तर खाली त्याचे आईबाप राखणीला असतात. तिथं बेडूक टाकला तर मरळ लगेच धावून येते, पण खायला नाही, पिल्लं वाचवायला. तिला धरली की तासाभरात तो पुंजका बाकीचे मासे संपवतात. तिथं गळ टाकायचा नाही.

पाण्याचा_अभ्यास

सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. तापलेल्या दगडावर ठेवू नका. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच धरून काढा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला की गळ चटकन निघतो, आणि मुलाच्या बोटात गेला तरी सहज सुटतो. परदेशी मांगूर लागला तर तो मात्र परत सोडायचा नाही. त्याच्यावर बंदी आहे आणि तो बाकीचे मासे खाऊन टाकतो.

बाळीवेस

जाऊन आलो, म्हणून कळवतोय.

पहिले दोन दिवस हिप्परगा. ठेक्याच्या माणसाला आधी भेटलो. त्याने मुलाला पाहिलं आणि स्वतःच बांधाजवळची जागा दाखवली. कोपरापर्यंत हात घातला, बोटं अंधुक दिसत होती, म्हणून साडेसहाला बसलो. सातपर्यंत काही नाही. सव्वासातला तरंगा दोनदा टिचकला आणि सरळ खाली गेला. भाच्याने रॉड इतक्या जोरात ओढला की तळहाताएवढी चिलापी उडून मागच्या बाभळीत अडकली. तो किती वेळ तिच्याकडं नुसता बघत होता. दोन दिवसांत अकरा चिलापी, त्यातल्या पाच घरी आणल्या. आईने शेंगा कुटून घट्ट कालवण केलं.

तिसऱ्या दिवशी भीमाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे पाइपलाइन बघत बॅकवॉटरला गेलो. माझी गेल्या वर्षीची जागा सापडली. तिथून पाणी नजरेच्या टप्प्यावर होतं, मध्ये सगळी गाळपेर. खोल जागेवर संध्याकाळी साडेपाचला पेंडीचा गोळा टाकला. सहा वाजता जड मासा लागला, वीस मिनिटं दोरा देत-घेत काठाला आणला. रोहू, अडीच-तीन किलोची असावी, पोट गच्च. भाचा म्हणाला, "मामा, हिच्यात पिल्लं आहेत ना?" हात ओले करून त्यानेच तिला धरली, थोडा वेळ पाण्यात तशीच उभी धरली, आणि ती गेली. पश्चिमेला काळं येत होतं, म्हणून लगेच निघालो. टेंभुर्णीला पोचेस्तोवर गारा पडायला लागल्या.

भाच्याला आता दिवाळीत पुन्हा यायचंय. तेव्हा उजनी भरलेली असेल, तर जागा कुठली धरायची?

भीमाकाठ

तेव्हा पाइप बघू नका, सगळं पाण्याखाली असतं. गवत बुडालेल्या उथळ कडा धरा, मासा काठाला चरायला येतो. यायच्या आदल्या दिवशी इथं लिहा, पाणी कुठवर आहे ते सांगतो.