मदत हवी आहे: लायब्ररी सांभाळणारे मेंटेनर म्हणतात ‘नुसता क्रॅश आहे’. एक्स्प्लॉइट (चुकीचा फायदा घेऊन हल्ला करणारा कोड) न लिहिता गांभीर्य कसं पटवून देऊ?

नमस्कार मंडळी,

सी भाषेतल्या एका ओपन सोर्स लायब्ररीत मला मेमरीची चूक सापडली आहे. चित्राची फाइल वाचायची आणि पिक्सेल काढून द्यायचे, एवढंच या लायब्ररीचं काम. नाव मुद्दाम देत नाही, कारण दुरुस्ती अजून आलेली नाही आणि लायब्ररी डेबियन या लिनक्स वितरणासकट बऱ्याच ठिकाणी बसवलेली असते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. सिक्युरिटीचा अभ्यास नोकरी सांभाळून, स्वतःच चालू आहे. एएफएल प्लस प्लस या साधनाने फझिंग लावलं होतं, म्हणजे वेड्यावाकड्या फाइल्स देऊन प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते पाहणं, सोबत मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. त्यात हीप बफर ओव्हरफ्लो मिळाला, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर जाणं, आणि तोही वाचताना नाही, लिहिताना. कोड वाचल्यावर कारण कळलं. रुंदी, उंची आणि दर पिक्सेलचे बाइट यांचा गुणाकार ३२ बिटांत केला आहे. फाइलच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये रुंदी ६५,५३६, उंची १६,३८५ आणि पिक्सेलला ४ बाइट असं असेल, तर खरी गरज ४ जीबीच्या जराशी वर जाते. ३२ बिटांत ती मावत नाही, वरचा भाग गळून जातो आणि जागा मागितली जाते २,६२,१४४ बाइटची. म्हणजे बरोबर एका ओळीपुरती! दुसऱ्या ओळीपासून डिकोडर (फाइलमधून पिक्सेल काढणारा कोड) आपल्या हद्दीबाहेर लिहू लागतो.

मेंटेनरना खाजगी मेल केली. उत्तर सभ्य होतं, पण त्यांचं म्हणणं असं की ४ जीबी लिहायला गेलं की प्रोसेस मरणारच, हा सुरक्षेचा प्रश्न नाही, सरळ पब्लिक इश्यू (सगळ्यांना दिसणारी तक्रार) उघडा. ते एकटेच हे काम पाहतात, तेही फावल्या वेळात. त्यांच्यामागे तगादा लावायची माझी इच्छा नाही. २०२४ मध्ये उघड झालेल्या, एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या प्रकरणात थकलेल्या मेंटेनरवर मेलिंग लिस्टमधून असाच दबाव आणला गेला होता, आणि मदतनीस म्हणून आत आलेल्यानेच पुढे बॅकडोअर (चोरदरवाजा) घातला. पण पब्लिक इश्यू उघडला तर दुरुस्तीआधीच सगळ्यांना रस्ता दाखवल्यासारखं होईल.

मला विचारायचं आहे ते असं. गांभीर्य पटवण्यासाठी पूर्ण चालणारा एक्स्प्लॉइट लिहावाच लागतो का? असं हत्यार तयार करून ठेवणं मला पटत नाही. मेंटेनर ऐकत नसतील तर पुढे कुणाकडे जायचं? आणि आपल्या कायद्यात मी कुठे अडकू शकते का?

प्रतिसाद १

ताई, एक्स्प्लॉइटची गरज नाही. त्यांचा मुद्दा ‘४ जीबी लिहिलं की मरणारच’ एवढाच आहे ना? मग तेवढाच तपासा. फाइलमधला डेटा तिसऱ्या-चौथ्या ओळीतच संपला तर डिकोडर काय करतो? बरेच डिकोडर एरर देऊन लूपमधून बाहेर पडतात. तसं असेल तर हद्दीबाहेर किती बाइट जायचे हे फाइल बनवणारा ठरवतो, आणि त्या बाइटमध्ये काय असावं हेही तोच ठरवतो, कारण ते पिक्सेल त्याचेच. प्रोसेस जिवंत राहते, शेजारची मेमरी मात्र बदललेली असते. लांबी आणि मजकूर दोन्ही हल्लेखोराच्या हातात आहेत हे डीबगरमध्ये दाखवलंत की ‘नुसता क्रॅश’ हे म्हणणं टिकत नाही.

२०२३ मधलं लिबवेबपी या वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण त्यांना द्या, सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक). चित्र उलगडताना लागणाऱ्या हफमन टेबलसाठी घेतलेली जागा कमी पडून हीपमध्ये बाहेर लिहिलं जात होतं. अ‍ॅपल आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबने ६ सप्टेंबरला कळवलं, ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, आणि याचा प्रत्यक्ष गैरवापर होतोय हे गूगलने त्याच वेळी मान्य केलं. फायरफॉक्सलाही लगोलग दुरुस्ती काढावी लागली. चित्र वाचणारा कोड किती ठिकाणी जाऊन बसलेला असतो हे यातून कळतं.

आणि मेलसोबत पॅच पाठवा. एकट्या माणसाला वादापेक्षा तयार दुरुस्ती हवी असते.

प्रतिसाद २

कायद्याचं सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या परवानगीविना केलेल्या गोष्टींबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओपन सोर्स कोड स्वतःच्या मशीनवर तपासणं वेगळं. पण ही फाइल कुठल्याही कंपनीच्या अपलोड पेजवर ‘चालते का बघू’ म्हणून टाकू नका, एकदाही नाही. हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसणं फार त्रासाचं असतं.

पुढे जायचं तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवता येतं. २०२१ पासून त्यांना सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकारही आहे. किंवा डेबियनच्या सिक्युरिटी टीमला लिहा, लायब्ररी त्यांच्याकडे आहे म्हणालात. लिनक्स वितरणांच्या खाजगी यादीवर गुप्तता जास्तीत जास्त १४ दिवस ठेवतात, त्यामुळे तिथे पॅच तयार असतानाच जा. मेंटेनरना आधी मुदत स्पष्ट कळवा. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा गटाची, दुरुस्तीला ९० दिवस द्यायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, ती मागितली तर कुणाला वावगं वाटत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डेटा मध्येच तोडून पाहिला. लूप खरंच थांबतो, प्रोग्रॅम एरर देऊन पुढे चालू राहतो, आणि सॅनिटायझर काढलेल्या बिल्डमध्ये बफरपलीकडे माझेच पिक्सेल दिसतात. एवढंच लिहून मेंटेनरना पाठवलं. ते आता सिक्युरिटी अ‍ॅडव्हायझरी (सुरक्षेची जाहीर सूचना) काढायला तयार आहेत आणि त्यांनी पॅच मागितला आहे.

सगळी मापं साइझ-टी (सी भाषेतला मापांसाठीचा पूर्णांक प्रकार) करायचा विचार आहे. तेवढं पुरेल का?

प्रतिसाद १

नाही पुरणार. ३२ बिटांच्या बिल्डवर साइझ-टीसुद्धा ३२ बिटांचाच असतो, तिथे हाच बग तसाच राहील. गुणाकाराच्या आधी भागाकार करून तपासा: उंची ही ‘कमाल मर्यादा भागिले एका ओळीचे बाइट’ यापेक्षा मोठी असेल तर तिथेच फाइल नाकारा. ओळीचे बाइट काढतानाही तीच तपासणी हवी, आणि रुंदी शून्य असेल तर आधीच परत फिरा, नाहीतर शून्याने भागाल. टेस्टमध्ये तुमची ती फाइल घाला, पण अ‍ॅडव्हायझरी बाहेर पडल्यावरच.