चिखलाण गेली तर पक्षी शेजारी उतरतात का?
‘एक खाडी भरावाखाली गेली तरी पक्षी शेजारच्या किनाऱ्यावर उतरतील, त्यांना पंख आहेत’ हा भरावाच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा तर्काला धरून वाटतो. दक्षिण कोरियातील सेमांगम येथील चिखलाणीचा (ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलमय किनाऱ्याचा) अनुभव मात्र वेगळा आहे. पिवळ्या समुद्राकाठच्या या ठिकाणी दोन नद्यांच्या मुखाशी २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत पूर्ण झाली आणि भरती-ओहोटीचे पाणी अडल्यामुळे चिखलातील शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. त्यांच्यावर पोसणारे ग्रेट नॉट हे स्थलांतरी किनारपक्षी पुढील दोन वर्षांत तेथे झपाट्याने कमी झाले, जवळच्या खाड्यांमध्ये त्या प्रमाणात वाढलेले आढळले नाहीत आणि ऑस्ट्रेलियातील (आपला हिवाळा, तेथील उन्हाळा) मुक्कामाच्या किनाऱ्यांवरही त्यांची संख्या घटली.

शिवाय स्थलांतराच्या वाटेवरील कोणत्याही थांब्याचे मोल एका हंगामाच्या गणनेवरून ठरवता येत नाही. उपग्रह-ट्रान्समीटर बसवलेली ‘ई-७’ ही बार-टेल्ड गॉडविट या लांब पल्ल्याच्या स्थलांतरी किनारपक्ष्याची मादी मार्च २००७ मध्ये न्यूझीलंडहून न थांबता दहा हजार किलोमीटरहून अधिक उडून चीन-उत्तर कोरिया सीमेवरील यालू नदीच्या मुखाशी उतरली आणि अलास्काकडे निघण्यापूर्वी तेथे महिन्याहून अधिक काळ चरत राहिली. परतताना तिने हा थांबा पूर्णपणे टाळला आणि प्रशांत महासागरावरून सुमारे आठ दिवसांत थेट न्यूझीलंड गाठले. तो किनारा केवळ सप्टेंबरमध्ये पाहणाऱ्याने तिच्यासाठी तो निरुपयोगीच ठरवला असता.