उड्या वाढवून कुस्ती सुधारत नाही, हरण्याला किंमत द्या

अमळनेरकर:
काल केळीबाग रावेर यांनी इथे लिहिलं की डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती आधी निकाल ठरलेली अमेरिकन कुस्ती, सुधारायची असेल तर दर आठवड्याला टेबल-शिड्यांची मॅच ठेवा, माइकवरची बडबड बंद करा, 'गोष्ट कोणाला पाहिजे, आम्ही मारामारी बघायला बसतो'. खाली अंगठ्यांची रांग लागली. मला काही झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाऊ, उड्या कमी पडतात म्हणून मॅच पडते असं खरंच वाटतं का तुम्हाला? वरच्या दोरावरून मारलेली उडी म्हणजे पूर्वी मॅचचा शेवट असायचा. आता पंचानं तीन मोजले की हार, पण 'दोन' मोजेपर्यंत खालचा खांदा उचलतो, मग दुसरी उडी, मग तिसरी. दहाव्या मिनिटाला कंबर धरून लोळणारा माणूस बाराव्या मिनिटाला पळत दोरावर चढतो. त्याचं दुखणं त्यालाच आठवत नसेल तर मी का लक्षात ठेवू?

१९८७ ची तिसरी रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, काढून बघा. गर्दी जमली होती होगन आणि आंद्रेसाठी, पण जाणकार आजही नाव घेतात ते सॅव्हेज-स्टीमबोटच्या मॅचचं. काही महिने आधी सॅव्हेजनं रिंगशेजारची घंटा स्टीमबोटच्या गळ्यावर हाणली होती. त्याचा आवाजच गेला असं दाखवलं होतं. मग मॅचमध्ये स्टीमबोट काय करतो? सॅव्हेजचा गळा दोन्ही हातांनी धरून त्याला अधांतरी उचलतो. शेवटी सॅव्हेज पुन्हा तीच घंटा घेऊन दोरावर चढतो, स्टीमबोटच्या बाजूचा जॉर्ज स्टील त्याला खाली ढकलतो आणि स्टीमबोट त्याला गुंडाळून तीन मोजून घेतो. सगळं पंधरा मिनिटांच्या आत. घंटेनं लागलेलं भांडण घंटेपाशी मिटलं. याला गोष्ट म्हणतात, आणि तिच्यात एकही टेबल मोडलं नाही.

आता दर आठवड्याला काय होतं? मॅच रंगात आली की तिसऱ्याच कोणाचं तरी रिंगकडे येण्याचं गाणं वाजतं. लढणारा लढणं सोडून त्या येण्याच्या वाटेकडे तोंड करून उभा राहतो, मागून दुसरा येऊन त्याला गुंडाळतो. हरणारा पुढच्या मंगळवारी त्याच गाण्यावर, त्याच चालीनं परत हजर. हरल्याचा ओरखडासुद्धा नाही.

आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते. मी आठवीत होतो तेव्हा मोठ्या काकांची शेवटून दुसरी जोड लागली होती. हलगी थांबली तेव्हा काका खाली होते, दोन्ही खांदे मातीत. ते उठले, समोरच्या पोराची पाठ थोपटली, सदरा खांद्यावर टाकला आणि रस्त्यानं न येता वावरातून घरी आले. आठ दिवस पारावर बसले नाहीत. आजी ताट वाढायची आणि काही बोलायची नाही. तो पोरगा जिंकला म्हणजे काय जिंकला, हे मला काकांचं घर बघून कळलं. टीव्हीवरच्या कुस्तीत हेच राहिलेलं नाही. निकाल ठरवा, खुशाल ठरवा. पण हरणाऱ्याचं काय गेलं ते दाखवा.

केळीबाग रावेर:
माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो. भाऊ, मी दिवसभर केळीचे घड वाहतो. संध्याकाळपर्यंत खांद्याचं कातडं सोलून निघतं. रात्री तासभर बसतो तेव्हा कोणाचं घर उदास झालं ते बघायला बसत नाही. मला माणूस हवेत उडालेला बघायचा असतो. त्यात चूक काय?

आणि तुमच्या १९८७ च्या मॅचला मी जन्मलो नव्हतो. आम्ही या पहिलवानांच्या पत्त्यांवर वाढलो. उंची, वजन, छाती, रँक. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी अंडरटेकरचा पत्ता मिळवायला मी डझनभर पत्ते दिले होते. हार्डी बंधू शिडीवरून उडी मारायचे तेव्हा आमची आख्खी गल्ली एका घरात कोंबलेली असायची. ते दिवस उड्यांनीच आणले. गोष्टीनं नाही.

१९९८ ला अंडरटेकरनं मॅनकाइंडला पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर फेकलं, सोळा फुटांवरून. ती गोष्ट होती की उडी?

अमळनेरकर:
ती उडी लक्षात राहिली कारण ती रोज होत नव्हती. दर मंगळवारी कोणी ना कोणी पिंजऱ्यावरून पडला असता तर तुम्ही तेव्हा चहा टाकायला उठला असता.

तुमच्या कष्टाला मी नावं ठेवलेली नाहीत. तसं वाटलं असेल तर माफी. पण 'गोष्ट कोणाला पाहिजे' हे वाक्य मी सोडणार नाही.

वस्ताद चाळीसगाव:
दोघंही कशावर भांडता? ज्या कुस्तीचा निकाल आधी ठरतो तिला आमच्याकडे नुरा म्हणतात. नुरा धरली असा संशय जरी आला तरी फडात हुर्यो होते आणि त्या पहिलवानाला पुढच्या गावात कोणी जोड देत नाही. तिला सुधारायचं म्हणजे काय करायचं?

आमच्याच तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीनं २०१४, २०१५, २०१६ अशी ओळीनं तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. माझ्या नातवाला तो माहीत नाही. रोमन रेन्सचं वजन माहीत आहे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. तालमीत लाल मातीला तेल, ताक, हळद घालायला माणूस मिळत नाही आणि इथे पानभर लिहिता की खोट्या कुस्तीत दुखणं खरं वाटत नाही.

धुळ्याची लेक:
वस्ताद जिभाऊ, तुमचा मान ठेवून सांगते. ठरलेलं आहे म्हणून तुच्छ, असं असेल तर आपल्याकडच्या तमाशातला वग पण तुच्छ म्हणा. हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं, तरी तारामती स्मशानात आली की बाया पदर डोळ्यांना लावतात. माझी आजी थंडीत घोंगडी घेऊन उजाडेपर्यंत बसायची. शेवट माहीत असणं आणि शेवट खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण अमळनेरकरभाऊ, तुमचीही एवढी मोठी पोस्ट आणि त्यात एक बाई नाही. हरण्याला किंमत पाहिजे म्हणता. बायकांना तर वर्षानुवर्षं जिंकण्यालाही किंमत नव्हती. फेब्रुवारी २०१५ मध्ये 'रॉ' या त्यांच्या दर आठवड्याच्या कार्यक्रमातली बायकांची मॅच अर्ध्या मिनिटात संपली. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे हलले. आमच्या गल्लीत पोरं अंगणात गोणपाटं टाकून मॅच खेळायची. मला कधी घेतलं नाही. मला ताट आणि पळी देऊन घंटा वाजवायला बसवायचे. चार उन्हाळे मी ताट वाजवलं.

म्हणून २०१९ च्या रेसलमेनियाची शेवटची मॅच बायकांची होती तेव्हा मी सकाळचा डबा बाजूला ठेवून बघत होते. बेकी, शार्लट आणि राउझी. आणि शेवट काय केला? बेकीनं राउझीला गुंडाळलं, पंचानं तीन मोजले आणि राउझीचा खांदा वर होता. स्वच्छ दिसत होता. बायकांना पहिल्यांदा शेवटची मॅच दिली आणि तिचा निकाल असा अर्धवट. मला आजही ते लागतं.

वस्ताद चाळीसगाव:
ताई, खांद्याचा विषय काढलात तर मग ऐका.

फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीचा गादी (मॅट) विभाग, शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ. पंचानं राक्षे चितपट दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. त्यातून पुढे पंचाला लाथ आणि तीन वर्षांचं निलंबन. आख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. खांदा टेकला की नाही यावर पहिलवानाचं आयुष्य फिरतं. तुमच्या टीव्हीवाल्यांच्या खांद्यानं काय फिरतं?

तापीकाठ:
वस्ताद, म्हणजे पंचाला लाथ मारली ते बरोबर?

वस्ताद चाळीसगाव:
मी बरोबर म्हटलं का? नीट वाचा. पंचाच्या अंगावर जाणाऱ्याला फडात जागा नाही, हे मी चाळीस वर्षं सांगत आलो. पण त्याच्या पोटात काय झालं असेल ते मला विचारा. १९८९ साली एका यात्रेत माझी जोड होती. इनाम पाचशे एक रुपये आणि पितळी घागर. मी घिस्सा डाव मारला, तो उलटला, मी बगलेवर पडलो. एक खांदा मातीत, दुसरा चार बोटं वर. पंच दुसऱ्या अंगाला उभा होता. त्यानं हात वर केला आणि हलगी वाजली. मी तिथल्या तिथे सांगितलं, खांदा बघा, मातीचा डाग एकाच बाजूला आहे. कोणी पाहिलं नाही. घागर त्याच्या घरी गेली. आजही पाठीला तेल लावताना बायको उजव्या खांद्यावर हात ठेवते तेव्हा मला ती घागर आठवते.

तापीकाठ:
मग रिप्ले बघून निर्णय द्यायला काय हरकत आहे? २०२३ ला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत चार गुणांवरून राज्यभर वाद झाला. दोन वर्षांत पुन्हा तेच. मॅटवर कुस्ती आणली, गुण आणले, पण पंचाच्या नजरेचा काही उपाय केला नाही.

वस्ताद चाळीसगाव:
मॅट आणली हीच पहिली चूक. मातीवर डाग पडतो. मॅटवर पडत नाही.

तापीकाठ:
मॅटशिवाय ऑलिंपिक कसं गाठणार? खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत कुठल्या मातीवर लढले होते? मातीचा हट्ट धरूनच आपण मागे राहिलो.

वस्ताद चाळीसगाव:
खाशाबा मातीतूनच वर आले. तुम्ही कधी लांग, पहिलवानाचा लंगोट, चढवला आहे का, ते आधी सांगा.

तापीकाठ:
नाही चढवला. म्हणून बोलायचं नाही का? मी मागे तालमीच्या छपरासाठी वर्गणी गोळा करत दारोदार फिरलो. तेव्हा कोणी विचारलं नाही की लांग चढवला आहे का.

धुळ्याची लेक:
तुम्ही दोघं माती आणि मॅट करत बसलात आणि माझा मुद्दा वाहून गेला. चितपट निर्विवाद दिसला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. खऱ्या कुस्तीत पंच चुकतो कारण तो माणूस आहे. इथे तर सगळं लिहून घेतलेलं असतं, तरी खांदा वर राहतो. मग जास्त दोष कोणाचा?

तापीकाठ:
ताई, पटलं. एक मात्र सांगतो. १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये ब्रेट हार्टनं हात आपटून हार मानलेली नव्हती, तरी मालकानं घंटा वाजवायला लावली आणि चॅम्पियनचा पट्टा समोरच्या मायकल्सला दिला. ठरलेल्या कुस्तीत ठरलेलं मोडलं. तो राग खरा होता, आणि त्या रागावरच मालक पुढे टीव्हीवर खलनायक म्हणून उभा राहिला. त्यांची सगळ्यात चाललेली गोष्ट खऱ्या अन्यायातून आली.

माझी वेगळी तक्रार आहे. एप्रिल २०२५ पासून हे सगळं केबलवर दिसायचं बंद झालं. आमच्या तात्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण ग्रेट खली २००७ ला चॅम्पियन झाला तेव्हा त्यांनी गल्लीत गूळ वाटला होता. आता मोबाइलवर पैसे भरा, पासवर्ड टाका. त्यांच्याकडून होत नाही, मी रात्री उशिरा घरी येतो. टीव्ही बंद असतो आणि ते समोर बसलेले असतात. सुधारणा करायचीच तर त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापासून करा.

केळीबाग रावेर:
तापीकाठभाऊ, तात्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या घरी पण हेच आहे.

अमळनेरकरभाऊ, एका बाबतीत तुम्ही चुकलात. हरण्याला किंमत नाही म्हणता. १३ डिसेंबर २०२५ ला जॉन सीना शेवटची मॅच गुंथरशी लढला आणि हात आपटून हरला. 'नेव्हर गिव्ह अप' टोप्यांवर छापून ज्यानं वीस वर्षं काढली, त्यानं हार मानली. लोक चिडले. मी पण चिडलो. दुसऱ्या दिवशी घड उचलताना डोक्यात तेच होतं. ही किंमत नाही तर काय?

अमळनेरकर:
आहे. ती किंमतच आहे, आणि मी ती धरली नाही ही माझी चूक.

पण त्याच सीनाचे २०२५ मधले त्याआधीचे महिने बघा. १ मार्चला टोरोंटोत तो रॉकच्या बाजूनं गेला आणि चॅम्पियन कोडीला लोळवलं. इतक्या वर्षांचा नायक खलनायक झाला, जग हललं. मग एप्रिलच्या रेसलमेनियात रॉक आलाच नाही. रॉक आणि सीनाचं नेमकं काय ठरलं होतं ते धड कधी सांगितलंच नाही, आणि ऑगस्टमध्ये सीना पुन्हा नायक. घंटा हाणली, आणि ती घंटा पुढच्या मॅचमध्ये कुठेच नाही. मला एवढंच म्हणायचं होतं. आणि हो, सीना हात आपटत होता तेव्हा तुम्ही बघत होता ती उडी नव्हती, भाऊ.

केळीबाग रावेर:
नव्हती. ठीक आहे. पण टेबल-शिड्या वर्षातून दोनदा तरी पाहिजेत.

अमळनेरकर:
दोनदा चालतील.

वस्ताद चाळीसगाव:
काल रात्री नातवानं मोबाइलवर तुमची ती सॅव्हेज-स्टीमबोटची जोड लावून दिली. पूर्ण पाहिली. नुरा ती नुराच, माझं मत बदललेलं नाही. पण तो स्टीमबोट समोरच्याचा हात ओढून कुशीवर टाकतो तेव्हा पाय बरोबर जागी ठेवतो. कोणीतरी शिकवलेला माणूस आहे. नातवानं विचारलं, 'आबा, हाई खरं शे का?' मी म्हटलं, हात खरा आहे.

मग ताईंची ती बायकांची पण पाहिली, शेवट चार वेळा मागे नेऊन. ताई, खांदा वर होता. मी पंच असतो तर मोजणी थांबवून कुस्ती चालू ठेवली असती.