जळगाव : नव्या हॉलमध्ये आवाज घुमतो, अँप बदलू की सबवूफर घेऊ?

तापीकाठ : मंडळी, सल्ला द्या. गावातलं धाब्याचं घर सोडून जळगावात बांधलं. हॉल १२ बाय १२, वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स. दोन बुकशेल्फ स्पीकर आणि साधा स्टिरिओ अँप (अँप्लिफायर). मातीच्या भिंतींत हेच डबे गोड वाजायचे. इथे डग्गा घुमत राहतो आणि गाणाऱ्याचे शब्दच कळत नाहीत. आई विचारते, "हाऊ डबा काबरं घुमी राह्यना?" दुकानदार म्हणतो सबवूफर, म्हणजे नुसत्या जाड आवाजाचा (बासचा) वेगळा डबा, घ्या. बजेट १५ हजार.

भरीतपार्टी : थांबा भो, पाकीट खिशातच ठेवा. हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून झणझण येते का? आणि स्पीकर कुठे ठेवलेत?

तापीकाठ : पत्र्याच्या टाकीत वाजवल्यासारखी आली! स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यांत, दोन कोपऱ्यांना. सोफा समोरच्या भिंतीला टेकून.

जुना_रेडिओवाला : मग दोष डब्यांचा नाही, खोलीचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि तुमच्या भिंतींमधलं अंतर ३.६६ मीटर. म्हणजे ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींत अडकून घुमणार, नंतर ९४ चा. त्यात खोली चौरस, त्यामुळे लांबीचं आणि रुंदीचं घुमणं एकाच सुरावर पडतं. कोपऱ्यातला स्पीकर ते सूर सगळ्यात जास्त चेतवतो, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला ते सगळ्यात मोठे ऐकू येतात. तुम्ही दोन्ही केलंय. इथे सबवूफर म्हणजे आगीत रॉकेल.

स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा. सुताराकडून दोन स्टँड करून घ्या, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा भोंगा) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला आला पाहिजे. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट सोडा, बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर मात्र तेवढंच ठेवू नका. दोन स्पीकरमध्ये सहा फूट, तर तुमच्यापासून प्रत्येक स्पीकरही सहाच फूट. सोफा दोन-तीन फूट पुढे ओढा. अगदी मधोमध नको, तिथे बास गायब होतो.

भरीतपार्टी : झणझणीला जाड पडदे आणि स्पीकरसमोर मोठी सतरंजी. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या फंदात पडू नका, बासला ते काहीच करत नाहीत. खान्देशात राहून कापसाची काय कमी? जाड गादी भिंतीपासून जरा सोडून कोपऱ्यात उभी करा. दिसायला बेक्कार, मान्य.

चोपडेकर : वायरीवर पैसे उडवू नका. पंधरा-वीस फुटांला घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर भरपूर झाली. दोन्ही डब्यांना लाल ते लाल, काळी ते काळी आहे ना, तेवढं बघा. एकीकडे उलटी असेल तर बास पोकळ होतो आणि गाणारा मधोमध उभा राहत नाही.

तापीकाठ : चोपडेकर, पाय धरतो! उजव्या डब्याची वायर उलटी निघाली. इलेक्ट्रिशियनने दोन्ही काळ्याच वायरी ओढलेल्या, एकीवर बारीक पांढरी रेघ, ती अंधारात कोणाला दिसते! सरळ केली, स्पीकर तात्पुरते विटांवर ठेवले, सोफा ओढला. आता गाणारा बरोबर मध्ये येतो आणि शब्दही कळतात. डग्गा अजून थोडा घुमतो, पण पूर्वीसारखा नाही. खर्च अजून शून्य. एक राहिलं : कूलर लावला की अँपमधून टक्-टक् येतं.

जुना_रेडिओवाला : एकाच बोर्डावर दोन्ही आहेत का? अँप वेगळ्या पॉइंटवर घ्या, आणि अर्थिंग नुसती तीन पिनांपुरती आहे की खरंच जमिनीत गेलीय, ते तपासून घ्या. कूलरच्या घरघरीवर मात्र माझ्याकडे औषध नाही. मे महिन्यात आम्ही गाणी पहाटेच ऐकतो.

तापीकाठ : बघतो. गादी उभी केली होती, आईने दुपारी आडवी करून झोप काढली. उद्या गादीवाल्याकडे दुसरी टाकतो.