मदत हवी आहे : कॅनडाची 5 वर्षांची बंदी संपल्यावर स्टुडंट व्हिसा

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीचा कॅनडाचा स्टडी परमिटचा अर्ज 2020 मध्ये 'मिसरिप्रेझेंटेशन'च्या (खोटी माहिती किंवा कागदपत्रं दिल्याच्या) कारणावरून नाकारला गेला. एजंटने बँकेचं बनावट पत्र जोडलं होतं. शिक्क्याखालची तारीख चक्क रविवारची! तिला मात्र ते पत्र कधी दाखवलंच नाही. नकाराआधी खुलासा मागणारं पत्र आलं, तेही एजंटच्याच ईमेलवर, आणि तो गप्प बसला. पोरीला कळलं तेव्हा 5 वर्षांची बंदी लागलेली होती. फार हुशार आणि सरळ मुलगी आहे, म्हणून जीव तुटतो.

निर्णयाच्या तारखेपासून मोजलेली ती 5 वर्षं आता संपली आहेत. मधल्या काळात तिने पुण्यात नोकरी केली आणि आता कॅनडातच मास्टर्सला प्रवेश मिळालाय. फॉर्ममध्ये 'कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का' असा प्रश्न असतो. तिथे 'हो' लिहून सगळं खरं सांगायचं, हे पक्कं आहे. काही जण लपवायला सांगतात, तो सल्ला कृपया नको.

अशा बंदीनंतर कोणाला परमिट मिळालंय का? खुलाशाच्या पत्रात एजंटचा भाग किती मांडावा? त्याच्याविरुद्धच्या पोलीस तक्रारीची प्रत जोडावी का? जुन्या फाईलच्या जीसीएमएस नोट्स (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या अर्जावरच्या नोंदी) आधी मागवाव्यात, असं मला वाटतं. आरसीआयसी, म्हणजे कॅनडाचा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार पुरेल की वकीलच गाठावा?