मैफल गाजवणाऱ्यानेच कार्यशाळा घ्यावी का? केल्टिक (आयरिश-स्कॉटिश परंपरेच्या) संगीत महोत्सवांविषयी चर्चा

एनिसकर
आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील मिल्टाउन मॉलबे ह्या गावी दर जुलैच्या आरंभी विली क्लॅन्सी उन्हाळी संगीतशाळा भरते. इलन पाइप्सचे (भात्याने वाजणाऱ्या आयरिश बॅगपाइपचे) थोर वादक विली क्लॅन्सी जानेवारी 1973 मध्ये वारले आणि त्याच वर्षी ही शाळा सुरू झाली. तेथे सकाळचे वर्ग हाच मुख्य कार्यक्रम असतो आणि मैफली व पबमधील सेशन (वादकांनी जमून अनौपचारिकपणे एकत्र वाजवणे) त्याच्या भोवतीने होतात. मोठ्या मैफली-महोत्सवांत नेमके उलट होते: आधी मंचावरची नावे ठरतात आणि मग त्याच कलावंतांच्या गळ्यात दुसऱ्या दिवशीची कार्यशाळाही बांधली जाते, कारण नामांकित वादकाबरोबर दोन तास बसायला मिळणार म्हटले की जागा भरतात.

ही पद्धत शिकणाऱ्याच्या हिताची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बत्तीस मात्राखंडांची रील (जलद नाचाची चीज) सेशनच्या गतीने साधारण 35 सेकंदांत संपते. ती कानाने शिकवायची तर दोन-दोन खंडांचे तुकडे पाडून, संथ गतीने, गज कोठे उलटतो हे दाखवत शिकवावी लागते. ज्याने पाचव्या वर्षापासून फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) वाजवले आहे, त्याला आपण रोल (एका स्वराभोवतीची चपळ सजावट) कसा घेतो हे अनेकदा स्वतःलाच सांगता येत नाही. म्हणून कार्यशाळेचे शिक्षक स्वतंत्रपणे निवडावेत आणि त्यांना मानधनही मैफलीपासून वेगळे द्यावे.

तारसप्तक
पूर्ण असहमत. लोकसंगीतात शिकवण्याचा विषय म्हणजे केवळ स्वरांचा क्रम नव्हे. तो हवा असेल तर शिकागोचे माजी पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील ह्यांनी 1907 साली छापलेल्या 1001 चिजांच्या संग्रहात किंवा आज कोणत्याही संकेतस्थळावर तो तयार मिळतो. कार्यशाळेत जायचे ते लय कोठे किंचित रेलते आणि कोठे सावरते हे समोर बसून ऐकण्यासाठी. ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडूनच घ्यावे लागते. आपल्याकडेही मैफली गाजवणाऱ्या गवयांनीच तालीम देऊन घराणी चालवली, हे विसरू नये.

शिवाय "उत्तम वादकाला शिकवता येत नाही" हा सरसकट निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही. स्कॉटिश फिडलवादक ॲलस्टेअर फ्रेझर जगभर मैफली करतात आणि कॅलिफोर्नियात 1984 पासून चालत आलेली फिडलची निवासी शाळाही त्यांचीच आहे.

एनिसकर
तालमीचा दाखला येथे लागू पडत नाही. गवयापुढे शिष्य वर्षानुवर्षे बसत असे, तेव्हा गुरूने काहीही समजावून न सांगताही ते झिरपत असे. दोन तासांत झिरपायला अवधी नसतो. तेथे सांगावेच लागते, आणि सांगता येणे हे निराळे कौशल्य आहे. फ्रेझर ह्यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण त्यांनी शिकवणे हे मैफलीचे शेपूट मानले नाही, त्यासाठी वेगळी शाळा उभी केली.

हॅलिफॅक्सनिवासी
दोघेही "व्यावसायिक कलावंत" आणि "व्यावसायिक शिक्षक" हे दोनच प्रकार गृहीत धरत आहात. कॅनडातील केप ब्रेटन बेटाचे बडी मॅकमास्टर निवृत्तीपर्यंत रेल्वेत स्थानक सांभाळत होते आणि संध्याकाळी नाचांसाठी फिडल वाजवत. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा ते पासष्टीच्या घरात होते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील साबाल मोर ओस्टेग ह्या गेलिक भाषेच्या महाविद्यालयात केप ब्रेटनचे असे वादक आणि स्टेप डान्सचे (पावलांच्या ठेक्यावरच्या नाचाचे) नर्तक शिकवायला आले, आणि स्कॉटलंडमध्ये जवळजवळ लोपलेला तो नाच तेथे पुन्हा रुजू लागला. ज्यांच्या पूर्वजांनी तो समुद्रापार नेला होता, त्यांनीच तो परत आणून शिकवला. फलकावरचे मोठे नाव किंवा शिकवण्याची पदविका ह्यांपैकी कोणतीही कसोटी लावली असती तर ही माणसे वर्गापर्यंत पोहोचली असती का?

नाचासाठी वाजवणाऱ्याकडे एक गोष्ट आयती असते, जी मंचावरच्याकडे असेलच असे नाही: नाचणाऱ्याचे पाऊल चुकले की गती कोठे बिघडली हे त्याला तत्क्षणी कळते. (ऑक्टोबरमध्ये केप ब्रेटनला भरणाऱ्या केल्टिक कलर्स महोत्सवाला येणाऱ्यांनी मैफलीच्या तिकिटांतून एक संध्याकाळ वाचवून गावातल्या नाचाला जावे, हे जाता जाता सुचवतो.)

तारसप्तक
ह्यात मला आक्षेप नाही, उलट माझेच म्हणणे बळकट होते: जो प्रत्यक्ष वाजवतो त्यानेच शिकवावे. मंच कोणता, हा दुय्यम प्रश्न.

रानजाई
मंच दुय्यम कसा? आयर्लंडच्या स्लायगो परगण्याचे फिडलवादक मायकेल कोलमन 1914 साली अमेरिकेला गेले आणि 1920च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्यांच्या तबकड्या आयर्लंडच्या घराघरांत पोहोचल्या. त्या तेजस्वी वादनाच्या अनुकरणात अनेक भागांतील फिडलवादकांनी आपल्या गावची ढब सोडून दिली, अशी खंत पुढे जाणकारांनी व्यक्त केली. आयर्लंडच्याच डोनेगॉल परगण्यात बहुतेक स्वरांना स्वतंत्र गज देण्याची, रोल कमी वापरण्याची रीत टिकली, पण ती टिकवण्यासाठी तिथल्या लोकांना जाणीवपूर्वक खटपट करावी लागली. एका प्रभावी कलावंताच्या तबकड्यांनी एवढे घडत असेल, तर प्रत्येक महोत्सवात त्याच दहा-बारा नावांच्या कार्यशाळा झाल्यावर काय होईल? स्थानिक शिक्षक हवा तो ह्यासाठी. त्याची शिकवण्याची हातोटी सरस असेलच असे मी म्हणत नाही.

तारसप्तक
कोलमन ह्यांनी कोणाचा वर्ग घेऊन ढब पुसली नव्हती. समोर शिक्षक नसताना केवळ तबकडीवरून नक्कल झाली, म्हणून ते घडले. तेच कोलमन खोलीत बसून "तुमच्या गावी ही चीज कशी वाजवतात ते आधी ऐकवा" असे म्हणाले असते, तर परिणाम कदाचित उलटा झाला असता. आणि स्थानिक शिक्षक निवडणार तरी कोण? महोत्सवाची समितीच ना? मोठे नाव निदान श्रोत्यांनी पारखलेले असते. समितीने निवडलेला शिक्षक बऱ्याचदा समितीच्या ओळखीतला असतो.

एनिसकर
ही शंका रास्त आहे आणि रानजाई ह्यांनी किंवा मी तिचे उत्तर अजून दिलेले नाही. माझी सूचना अशी की निवड त्या त्या वाद्याच्या जाणकारांकडे सोपवावी. इलन पाइप्सवाल्यांची 1968 पासून स्वतःची संघटना आहे, पण प्रत्येक वाद्याच्या वाट्याला तसे संघटन आलेले नाही, हेही खरे. ते नसेल तेथे मागील वर्षी वर्गात बसलेल्यांना विचारावे. मैफल कशी झाली हे श्रोते सांगतील, परंतु घरी गेल्यावर ती रील वाजवता आली का, हे शिकणाराच सांगू शकतो.