भूमीला आई म्हटलं, मग बाईला बांधावर जागा का नाही?

डिचोलीची लेक
गोव्यातल्या आमच्या गावी भूमीदेवी सातेरीच्या गाभाऱ्यात वारूळ आहे, आम्ही रोयण म्हणतो. आजी आधी मातीला हात लावायची, मग कपाळाला. त्याच गावात खाणीचा खड्डा खोल गेला आणि आमची विहीर आटली. टँकर आला की कळशी घेऊन धावायची ती आईच.

१९७४ साली फ्रान्सच्या फ्रान्स्वाझ द ओबोन यांनी ‘इको-फेमिनिझम’ हा शब्द दिला. बाईवरची सत्ता आणि निसर्गावरची सत्ता यांचं मूळ एकच, असा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पीक न देणाऱ्या जमिनीलाही आपण ‘वांझ’च म्हणतो ना! तुम्हाला काय वाटतं?

फोंडेकर
ताई, आई म्हटलं म्हणूनच इतकं तरी राखलं गेलं. सत्तरी तालुक्यातल्या देवराया बघा. कायद्याचं भय नव्हतं तेव्हा तिथे देवाचं होतं. ते काढून घेतलंत तर हातात काय उरेल?

डिचोलीची लेक
काढून घ्या कोण म्हणतंय? पण देवराई राखणाऱ्या गावातच शेजारचा डोंगर पोखरला गेला. २०१२ साली खाणी बंद झाल्या त्या सरकारच्या आणि कोर्टाच्या आदेशाने. देवीचा धाक तिथे पुरला नाही.

खाजनातली
मला दोघांचंही पटत नाही. बाई मुळातच निसर्गाच्या जवळची, हे मी मानत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ साली मांडलं होतं की हे नातं कामातून आणि मालकीतून घडतं. सरपण कोण आणतं, जमीन कुणाच्या नावावर, हे आधी बघा.

आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात, गुडघाभर चिखलात वाकून लावणी बायका करतात. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की कुजलेली रोपं उपसायलाही त्याच. पण मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कधी उघडायची, बांधाला माती कधी घालायची, हे पिढ्यानपिढ्या गावकारांनी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांनी, ठरवलं, आणि कोमुनिदाद या गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतलं गावकारपण परंपरेने बापाकडून मुलाकडे. लग्न झालं की नवरा-बायकोच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा धरणारा कायदा याच गोव्यात आहे! तो बांधापर्यंत पोचलाच नाही.

फोंडेकर
मालकीचं मान्य. पण बाईच्या नावावर आली म्हणून जमीन वाचेल कशावरून? माझ्या नात्यात बहिणींनी, वहिनींनी सह्या केल्या आणि काजूची बाग बिल्डरकडे गेली. मला अजूनही श्रद्धेचाच भरवसा वाटतो.

खाजनातली
भाऊ, वाचेलच असं मी म्हणत नाही. पुरुषांना जमीन देताना ही अट कुणी घातली होती का? आणि त्या वहिनींना काय विकलं जातंय ते सांगितलं होतं, की फक्त सही कुठे करायची ते?

डिचोलीची लेक
हे वाचून आत्ताच आईला विचारलं. आमची वरची बाग खाणीला गेली तेव्हा कागदावर तिचीही सही होती. कागद मात्र तिला कुणी वाचून दाखवला नव्हता.